डीफॉल्ट किंमत नलच असताना '= नल' लिहिल्याने फरक का पडतो? जावातील फील्डना सुरुवातीची किंमत कशी मिळते

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'अहवाल' या सुपरक्लासचा कन्स्ट्रक्टर 'तयारी' नावाची मेथड बोलावतो. 'मासिकअहवाल' हा सबक्लास ती मेथड ओव्हरराइड करतो आणि तिच्यात आपल्या 'शीर्षक' या स्ट्रिंग प्रकारच्या फील्डमध्ये किंमत भरतो. सबक्लासमध्ये या फील्डची घोषणा 'स्ट्रिंग शीर्षक = नल' अशी केली, तर न्यू वापरून ऑब्जेक्ट तयार केल्यानंतर शीर्षक नलच आढळते; मात्र '= नल' एवढा भाग काढून टाकला की भरलेली किंमत टिकून राहते. न लिहिताही फील्डला नल मिळणारच असेल, तर ते लिहिल्याने वर्तन का बदलावे, असे विचारले आहे. (उदाहरणांतील नावे मी देवनागरीतच ठेवली आहेत. जावाच्या नियमांना ती मान्य आहेत. फाइलचे एन्कोडिंग कंपायलरला ठाऊक असले म्हणजे झाले.)

याचे कारण असे की डीफॉल्ट किंमत मिळणे आणि घोषणेत लिहिलेली किंमत मिळणे या दोन निराळ्या घटना आहेत. त्या वेगवेगळ्या वेळी घडतात आणि त्या घडवणारेही वेगळे आहेत. डीफॉल्ट किंमत जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम प्रत्यक्ष चालवणारी यंत्रणा) देते, आणि ती ऑब्जेक्टसाठी मेमरी राखून ठेवतानाच, म्हणजे कन्स्ट्रक्टरची पहिली ओळ चालण्याच्याही आधी, दिली जाते. घोषणेतील '= नल' हे मात्र एक साधे असाइनमेंट आहे; कंपायलर ते कन्स्ट्रक्टरच्या आत नेऊन ठेवतो आणि सुपरक्लासचा कन्स्ट्रक्टर पूर्ण झाल्यावरच ते चालते. तोपर्यंत 'तयारी' मेथडने शीर्षकात किंमत भरलेली असते आणि हे असाइनमेंट ती पुसून टाकते. घोषणेत '=' नसेल, तर पुसणारी सूचनाच तयार होत नाही.

आता हा क्रम नीट पाहू, कारण फील्डच्या किमतींबाबत जे जे अनपेक्षित अनुभव येतात, ते जवळजवळ सगळे या एका क्रमातून उलगडतात.

'न्यू मासिकअहवाल()' ही अभिव्यक्ती चालते तेव्हा सर्वप्रथम संपूर्ण ऑब्जेक्टसाठी जागा घेतली जाते. संपूर्ण म्हणजे मासिकअहवालची, अहवालची आणि त्याच्याही वरच्या सर्व क्लासेसची इन्स्टन्स फील्ड एकत्र. ही सगळी फील्ड त्याच वेळी आपापल्या डीफॉल्ट किमतीवर येतात: बाइट, शॉर्ट, इंट आणि लाँग यांना शून्य, फ्लोट आणि डबल यांना धन शून्य, कॅरला शून्य क्रमांकाचे युनिकोड अक्षर, बूलियनला फॉल्स आणि प्रत्येक रेफरन्सला नल. त्यानंतर कन्स्ट्रक्टरची पाळी येते. कन्स्ट्रक्टरची सुरुवात 'धिस(...)' ने होत असेल, तर काम त्याच क्लासच्या दुसऱ्या कन्स्ट्रक्टरकडे सोपवले जाते, तशी होत नसेल, तर लिहिलेला किंवा कंपायलरने गृहीत धरलेला 'सुपर(...)' चालतो आणि हीच प्रक्रिया सुपरक्लाससाठी नव्याने सुरू होते. अशा रीतीने चढत चढत ऑब्जेक्ट या मूळ क्लासपर्यंत पोहोचल्यावर परतीचा प्रवास सुरू होतो. प्रत्येक क्लासच्या पातळीवर आधी त्या क्लासमधील फील्डच्या घोषणेत लिहिलेल्या किमती आणि इन्स्टन्स इनिशियलायझर ब्लॉक, फाइलमध्ये ज्या क्रमाने लिहिले आहेत त्याच क्रमाने चालतात, आणि मग त्या कन्स्ट्रक्टरचे उरलेले शरीर चालते. हे सर्व आटोपले की एक पायरी खाली उतरायचे.

म्हणजे एकाच फील्डमध्ये तीन वेळा किंमत लिहिली जाऊ शकते: मेमरी मिळताना, घोषणेतील '=' मुळे आणि कन्स्ट्रक्टरच्या शरीरात. आपल्या प्रश्नात चौथा प्रसंगही आहे. सुपरक्लासच्या कन्स्ट्रक्टरने ओव्हरराइड झालेली मेथड बोलावली, आणि ती पहिल्या व दुसऱ्या पायरीच्या मध्ये घुसली.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर जेडीके या जावाच्या विकास-संचाबरोबर येणारे 'जावाप' हे साधन '-सी' हा पर्याय देऊन क्लास फाइलवर चालवावे. कन्स्ट्रक्टरच्या बाइटकोडमध्ये, म्हणजे कंपायलरने जेव्हीएमसाठी तयार केलेल्या सूचनांमध्ये, आधी सुपरक्लासच्या कन्स्ट्रक्टरला बोलावणारी 'इन्व्होकस्पेशल' ही सूचना दिसेल, तिच्या खाली नल स्टॅकवर ठेवून 'पुटफील्ड' ने तो शीर्षकात लिहिणाऱ्या सूचना दिसतील, आणि मग तुम्ही लिहिलेला मजकूर. घोषणेतील '= नल' काढून पुन्हा कंपाइल केले, तर मधल्या सूचना नाहीशा झालेल्या आढळतील. जावासी हा कंपायलर '= नल' किंवा '= ०' निरर्थक समजून गाळून टाकत नाही, आणि वरचे उदाहरण पाहता त्याने ते गाळूही नये, कारण त्याने प्रोग्रॅमचा अर्थ बदलेल. क्लासमध्ये तीन कन्स्ट्रक्टर असतील, तर सुपरला बोलावणाऱ्या प्रत्येक कन्स्ट्रक्टरमध्ये या सूचनांची वेगळी प्रत पडते, 'धिस(...)' ने सुरू होणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र ती पडत नाही, त्यामुळे इनिशियलायझर एका ऑब्जेक्टसाठी दोनदा चालण्याची भीती नसते.

'= नल' ने किंमत पुसली जाणे ही या दोषाची सौम्य बाजू म्हणावी लागेल, कारण शीर्षक नल दिसल्यावर निदान शंका तरी येते. याच रचनेची दुसरी आवृत्ती अधिक त्रासदायक आहे. समजा सबक्लासमध्ये 'नोंदी' नावाची यादी आहे, घोषणेतच 'न्यू ॲरेलिस्ट' देऊन ती तयार केली आहे आणि 'तयारी' मेथड त्या यादीत नोंदी घालते. सुपरक्लासच्या कन्स्ट्रक्टरने तयारी बोलावली तेव्हा घोषणेतील '=' अजून चालायचे असते; यादी नल असते आणि नलपॉइंटरएक्सेप्शन येते. येथवर ठीक, कारण चूक निदान ओरडून सांगते. पण मग कोणीतरी तयारी मेथडमध्ये 'नोंदी नल असेल तर नवी यादी तयार करा' अशी ओळ घालतो. एक्सेप्शन थांबते, नोंदी यादीत जातात, सुपरक्लासचा कन्स्ट्रक्टर सुखरूप परततो आणि लगेच सबक्लासचा इनिशियलायझर दुसरी, कोरी यादी तयार करून फील्डमध्ये ठेवतो. आधीची यादी तिच्यातील नोंदींसकट गार्बेज कलेक्टरच्या वाट्याला जाते. प्रोग्रॅम कुठेही अडत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही, फक्त अहवाल रिकामा निघतो. कोड तपासताना कन्स्ट्रक्टरमधून पोहोचणाऱ्या मेथडमध्ये अशी नलची तपासणी दिसली, की मी आधी त्या फील्डची घोषणा उघडून पाहतो.

हा प्रकार केवळ नवशिक्यांच्या कोडमध्ये घडतो असे समजू नये. स्विंग या जावाच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीतील जेपॅनेल किंवा जेलेबल यांचे कन्स्ट्रक्टर 'अपडेटयूआय' ही मेथड बोलावतात आणि ती ओव्हरराइड करता येते. त्यामुळे जेपॅनेलपासून आपला क्लास तयार करून अपडेटयूआयमध्ये स्वतःची फील्ड वापरणाऱ्याला पहिल्या वेळी ती सगळी डीफॉल्ट किमतीतच सापडतात. सी++ मधून आलेल्या प्रोग्रॅमरला याचे विशेष आश्चर्य वाटते. तेथे बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर चालू असताना केलेला व्हर्च्युअल कॉल बेस क्लासच्याच मेथडकडे जातो, कारण तोवर ऑब्जेक्ट बेस प्रकारचेच मानले जाते. जावात मात्र ऑब्जेक्टचा प्रकार पहिल्या क्षणापासून मासिकअहवाल हाच असतो आणि कॉल सरळ सबक्लासच्या मेथडकडे जातो.

फील्डना डीफॉल्ट किंमत देण्यामागचा हेतूही याच संदर्भात समजून घ्यावा. अर्धवट तयार झालेले ऑब्जेक्ट कोणाला तरी दिसण्याची शक्यता भाषेने खुली ठेवली आहे. अशा वेळी निदान मेमरीत पूर्वी पडलेला कचरा तरी दिसू नये, ही त्यामागची हमी आहे. रेफरन्स फील्डमध्ये यादृच्छिक बिट असते, तर तो रेफरन्स कोठेही नेऊ शकला असता आणि जावाची संपूर्ण प्रकारसुरक्षा, तसेच गार्बेज कलेक्टरचे काम, कोलमडले असते. नलसाठी नेमके कोणते बिट वापरावेत हे जेव्हीएमचे स्पेसिफिकेशन ठरवून देत नाही, परंतु हॉटस्पॉट या प्रचलित जेव्हीएममध्ये नल म्हणजे सगळे बिट शून्य. म्हणून मेमरीचा तुकडा शून्याने भरला की सर्व प्रकारांच्या डीफॉल्ट किमती एकदमच मिळतात. हे शून्य भरणेही दरवेळी प्रत्यक्ष होतेच असे नाही. कन्स्ट्रक्टर लगेच खऱ्या किमती लिहिणार आहे आणि मधल्या काळात कोणी डोकावू शकत नाही हे हॉटस्पॉटमधील, प्रोग्रॅम चालू असताना काम करणाऱ्या सी२ कंपायलरला सिद्ध करता आले, तर तो ते काम वाचवतो.

मेथडमधील लोकल व्हेरिएबलना ही सवलत नाही. किंमत न देता ते वाचले, तर कंपायलर प्रोग्रॅम नाकारतो. एका मेथडच्या आत कोणती वाट कोणत्या ओळीतून जाते हे कंपायलर पूर्णपणे तपासू शकतो. एखाद्या फील्डला हात लावणाऱ्या मेथड कोण, केव्हा आणि कोणत्या क्रमाने बोलावेल हे त्याला कळणे शक्य नसते. फाइनल फील्डबाबत तो मधला मार्ग घेतो. घोषणेत किंमत नसलेल्या फाइनल फील्डला प्रत्येक कन्स्ट्रक्टर संपेपर्यंत नेमकी एकदा किंमत मिळालीच पाहिजे, असा आग्रह तो धरतो. परंतु ही तपासणी कन्स्ट्रक्टरपुरतीच असते. कन्स्ट्रक्टरने बोलावलेल्या मेथडमधून फाइनल फील्ड वाचले तर कंपायलर आक्षेप घेत नाही आणि मेथडला डीफॉल्ट किंमत दिसते. अशा रीतीने फाइनल असलेले फील्डही आपल्या आयुष्यात दोन किमती दाखवू शकते.

याला एक अपवाद आहे आणि या विषयावर प्रयोग करणाऱ्यांची दिशाभूल बहुतेक वेळा त्यानेच होते. फील्ड फाइनल असेल, प्रिमिटिव्ह किंवा स्ट्रिंग प्रकारचे असेल आणि घोषणेतच त्याला स्थिर अभिव्यक्ती दिलेली असेल, उदाहरणार्थ 'फाइनल इंट दर = १८', तर कंपायलर 'दर' लिहिले आहे तेथे थेट १८ हा आकडाच घालतो. मग सुपरक्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून तयारी मेथड चालली तरी तिला १८ दिसतात, कारण ती फील्ड वाचतच नाही. फील्डमध्ये त्या वेळी शून्यच असते. घोषणेतून फाइनल काढले, किंवा दर इंटऐवजी इंटिजर या रेफरन्स प्रकारचा केला, की तीच मेथड अनुक्रमे शून्य किंवा नल दाखवू लागते. छोटा प्रयोग करून 'माझ्याकडे तर बरोबर किंमत येते' असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आपले फील्ड या प्रकारात मोडते का, हे आधी पाहावे.

आता लिहिण्याच्या क्रमाविषयी. इनिशियलायझर वरून खाली चालतात, त्यामुळे वरच्या ओळीत 'इंट एकूण = संख्या * २' आणि खालच्या ओळीत 'इंट संख्या = ७' असे लिहिल्यास कंपायलर पुढचा संदर्भ बेकायदा असल्याचे सांगून थांबतो. पण 'संख्या' च्या जागी 'धिस.संख्या' लिहिले, किंवा संख्या परत करणारी मेथड बोलावली, तर त्याची तक्रार बंद होते आणि एकूणमध्ये शून्य येते. नियम नुसत्या नावापुरता आहे. त्याला बगल देणे सोपे आहे, म्हणून ते करावे असे नाही. इनिशियलायझर ब्लॉकचेही असेच. घोषणेच्या वर असलेल्या ब्लॉकमध्ये 'दर = १८' लिहिले आणि खाली घोषणा 'इंट दर = ५' अशी असली, तर शेवटी ५ उरतात; घोषणा केवळ 'इंट दर' असली, तर १८. मूळ प्रश्नातील कोडेच येथे एका क्लासच्या आत पाहायला मिळते.

स्टॅटिक फील्डचा हिशेब वेगळ्या वेळी होतो, पण तत्त्व तेच आहे. क्लास जोडला जात असताना (लिंकिंगच्या वेळी) त्याची स्टॅटिक फील्ड डीफॉल्ट किमतीवर येतात. नंतर त्या क्लासचे पहिले ऑब्जेक्ट तयार होताना, त्याची स्टॅटिक मेथड बोलावताना किंवा स्थिर नसलेले स्टॅटिक फील्ड वापरताना त्याचे स्टॅटिक इनिशियलायझर लिहिलेल्या क्रमाने एकदाच चालतात. येथील प्रसिद्ध खड्डा सिंगलटनचा, म्हणजे ज्याचे एकच ऑब्जेक्ट ठेवायचे अशा क्लासचा. क्लासच्या पहिल्या ओळीत 'स्टॅटिक कोठार एकमेव = न्यू कोठार()' आणि त्याखाली 'स्टॅटिक इंट क्षमता = १००' असे लिहिले, आणि कन्स्ट्रक्टरने क्षमता वाचून तेवढ्या आकाराचा ॲरे तयार केला, तर तो ॲरे शून्य लांबीचा होतो. पहिल्या ओळीतील न्यू चालताना दुसरी ओळ चाललेलीच नसते. क्षमता 'स्टॅटिक फाइनल' केली की १०० ही स्थिर किंमत ठरते आणि दोष नाहीसा होतो. तरीही मी दोन ओळींचा क्रम बदलणेच पसंत करतो, कारण पुढे कोणी ती क्षमता कॉन्फिगरेशनमधून वाचू लागला की ती स्थिर उरत नाही आणि तोच दोष परत येतो.

रेफरन्स प्रकारांबाबत एक जुनाच गैरसमज आहे, तो एका वाक्यात निकालात काढतो: 'न्यू इंट[१०]' च्या दहाही जागांत शून्य असते हे खरे, पण इंट ॲरे प्रकारच्या फील्डची डीफॉल्ट किंमत शून्यांचा ॲरे नसून नल आहे, आणि इंटिजर प्रकारच्या फील्डचीही नलच, त्यामुळे त्यात एक मिळवू पाहिल्यास नलपॉइंटरएक्सेप्शन येते.

डीफॉल्ट किंमत आणखी दोन ठिकाणी डोके वर काढते. एक म्हणजे अनेक थ्रेड असलेला प्रोग्रॅम. एका थ्रेडने ऑब्जेक्ट तयार करून त्याचा रेफरन्स कोणत्याही समन्वयाविना सामायिक फील्डमध्ये ठेवला, तर दुसऱ्या थ्रेडला रेफरन्स मिळूनही आतली फील्ड डीफॉल्ट किमतीत दिसू शकतात, कन्स्ट्रक्टर पूर्ण झालेला असला तरीही. २००४ मध्ये आलेल्या जावा ५ च्या मेमरी मॉडेलने फाइनल फील्डपुरती हमी दिली: कन्स्ट्रक्टर चालू असताना धिस, म्हणजे त्याच ऑब्जेक्टचा रेफरन्स, बाहेर निसटला नसेल, तर इतर थ्रेडना फाइनल फील्डची खरी किंमतच दिसते. दुसरे ठिकाण म्हणजे सीरियलायझेशन, म्हणजे ऑब्जेक्ट बाइटच्या स्ट्रीममध्ये लिहून ठेवणे. सीरियलायझेबल क्लासचे ऑब्जेक्ट स्ट्रीममधून पुन्हा उभे करताना त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चालत नाही आणि घोषणेतील किमतीही चालत नाहीत. चालतो तो फक्त सीरियलायझेबल नसलेल्या सर्वांत जवळच्या सुपरक्लासचा विनाआर्ग्युमेंट कन्स्ट्रक्टर. म्हणून 'ट्रान्झिएंट इंट दर = १८' हे फील्ड (ट्रान्झिएंट म्हणजे स्ट्रीममध्ये न लिहिले जाणारे) परत आल्यावर शून्य असते. रेकॉर्ड (केवळ माहिती बाळगणारे खास क्लास) याला अपवाद आहेत. ते त्यांच्या मुख्य कन्स्ट्रक्टरमधूनच परत उभे केले जातात.

आता मूळ प्रश्नातील कोडचे काय करावे? '= नल' काढल्याने आजचे काम भागते आणि ते काढावेच. डीफॉल्ट किंमत घोषणेत पुन्हा लिहू नये हे माझे मत आहे, आणि चेकस्टाइल या कोडची शैली तपासणाऱ्या साधनात त्यासाठी स्वतंत्र तपासणीही आहे. काही जण वाचणाऱ्याला स्पष्ट दिसावे म्हणून ती लिहितात. तो हेतू मला समजतो, पण जो परिणाम दिसत नाही तो घडवणारी ओळ स्पष्टतेत भर घालते असे मला वाटत नाही. मात्र एवढ्यावर थांबलात, तर पुढचा प्रोग्रॅमर त्याच फील्डला घोषणेत 'निनावी' सारखी किंमत देईल आणि दोष पुन्हा जागा होईल. अहवाल हा क्लास तुमच्या हातात असेल, तर त्याच्या कन्स्ट्रक्टरमधून तयारी बोलावणे बंद करावे. शीर्षक हे सबक्लासकडून 'सुपर(...)' च्या आर्ग्युमेंटमधून घ्यावे, किंवा आधी न्यू आणि मग तयारी असे दोन्ही करणारी एक स्टॅटिक फॅक्टरी मेथड सबक्लासमध्ये ठेवून सबक्लासचा कन्स्ट्रक्टर खासगी करावा. तयारी ओव्हरराइड करण्याची गरजच नसेल, तर तिला फाइनल करावे. जेडीके २१ पासून जावासीला '-एक्सलिंट:धिस-एस्केप' हा पर्याय दिला, की कन्स्ट्रक्टरमधून धिस असा बाहेर जाण्याच्या शक्यतांबद्दल तो इशारा देतो. जुन्या कोडवर तो एकदा चालवून पाहावा.

अहवाल बाहेरच्या लायब्ररीतील असेल आणि त्याचा कन्स्ट्रक्टर बदलणे शक्य नसेल, तर जावा २५ मध्ये एक सरळ मार्ग उपलब्ध झाला आहे. सप्टेंबर २०२५ च्या या आवृत्तीत, काही आवृत्त्यांच्या पूर्वपरीक्षणानंतर, 'सुपर(...)' च्या आधी विधाने लिहिण्याची मुभा कायम झाली. तेथे ऑब्जेक्ट वाचता येत नाही आणि त्याच्या मेथडही बोलावता येत नाहीत, पण स्वतःच्या क्लासमधील फील्डना किंमत देता येते. म्हणजे 'नोंदी = न्यू ॲरेलिस्ट' ही ओळ कन्स्ट्रक्टरमध्ये सुपरच्या वर ठेवली, की तयारी मेथड चालेल तेव्हा यादी तयार असेल आणि नंतर ती कोणी बदलणारही नाही. बाइटकोडच्या पातळीवर यात नवे काही नाही; जेव्हीएम अशा असाइनमेंटला पूर्वीपासूनच परवानगी देते आणि इनर क्लासमधील बाहेरच्या ऑब्जेक्टचा छुपा रेफरन्स जावासी गेली अनेक वर्षे सुपरच्या आधीच भरत आला आहे. अट एकच आहे की असे फील्ड घोषणेत '=' शिवाय लिहिलेले असले पाहिजे. शीर्षकाच्या घोषणेत '= नल' राहिले असेल, तर सुपरच्या वरचे असाइनमेंट कंपायलर स्वीकारणार नाही.

त्याहून जुन्या आवृत्तीवर असाल, तर लायब्ररीची मेथड ओव्हरराइड करताना आपले फील्ड अजून नल आहे हे गृहीत धरूनच ती लिहावी, फील्डची घोषणा '=' शिवाय ठेवावी, यादी मेथडमध्येच गरजेनुसार तयार करावी, आणि घोषणेला '=' का जोडायचे नाही हे तिच्या शेजारी टिपेत लिहून ठेवावे.